टबात पाय नव्हते

"आलं, आलं! तांबडं पाणी आलं!" हॉलभर एकच गलका झाला. लोकांनी भराभर हात जोडले. प्लास्टिकच्या टबात म्हाताऱ्या शिंप्याचे पाय होते, शेजारी महाराजांचं यंत्र घरघरत होतं आणि मिठाचं पाणी बघता बघता गढूळ तांबडं झालं होतं.

"मेंदूत सडलेलं प्रोटीन आहे हे!" महाराज गरजले. "अणुरेणूंची लहर सोडली, की तळपायातून सुरसुर बाहेर! डॉक्टरांना जमलं का आजवर?"

अणुरेणूंची लहर म्हणजे काय, हे महाराजांनाही ठाऊक नसावं. शिंप्याला कंपवात होता. महाराजांच्या शब्दाखातर गोळ्या सोडून त्याला अकरा दिवस झाले होते. सुई तर राहोच, आता सदऱ्याची बटणंही लागत नव्हती. "कचरा निघतोय, थरथर वाढणारच," असं महाराज सांगत आणि शिंपी ते मनाला पटवून घेई. कारण शेवटी एक सेवेकरी त्याचे पाय पुसायचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागला नव्हता.

त्या दिवशी टॉवेलचा ओला कोपरा त्याच्या पांढऱ्या पायजम्याला लागला. घरी डाग पाहून म्हातारा चपापला. ओल्या कापडात टाचणी विसरली की नेमका असाच डाग पडतो. त्यानं लिंबू पिळलं, मीठ चोळलं, पायजमा उन्हात टाकला. डाग गेला.

"गंज!" तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो, त्याला गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घेऊनच हॉलवर गेला.

"महाराज, आज पाय नकोत. यंत्र नुसत्या पाण्यातच चालू करा," शिंपी म्हणाला.

"पायांवाचून यंत्र कोपतं!"

"कोपू दे की," म्हणत डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं.

पाणी तांबडं झालं.

"हे कुणाच्या मेंदूतलं?" शिंप्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राच्या लोखंडी पट्ट्या वर काढल्या. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली, लोखंड गंजलं. संपला चमत्कार. खराब प्रोटीन साचतं, एवढंच खरं. एरवी पेशी त्याला युबिक्विटिन नावाच्या चिठ्ठ्या लावते. चिठ्ठ्यांची माळ लागली की पेशीतलंच एक यंत्र ते उसवून टाकतं आणि चिठ्ठ्या पुन्हा वापरात येतात. या आजारात मेंदूच्या काही पेशींत हे काम तुंबलेलं दिसतं. तो साठा गोळीनंही निघत नाही, बाबा. पण हात चालायला लागणारं रसायन तुमच्यात कमी पडतं, त्याची भर गोळी घालते."

शिंप्याच्या घरातल्या दुकानातही बिघडलेल्या कपड्याला तो चिठ्ठी टाचायचा, बायको तो उसवायची आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. दोन वर्षं चिठ्ठ्यांसकट कपडे कोपऱ्यात पडून होते. त्याला तिची फार आठवण आली.

लोक मान खाली घालून निघू लागले.

"थांबा जरा," तो म्हणाला. "थरथर वाढली तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण इथं कुणीतरी पाय पुसतं, म्हणून मी येत राहिलो. तुमच्यातही असे असतील. एकटं वाटलं तर माझ्याकडे या. त्यापायी गोळ्या सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी टबातून पाय काढून बघा."

घरी येऊन त्यानं गोळी घेतली, कोपऱ्यातल्या ढिगातला वरचा सदरा उसवायला मांडीवर ओढला आणि दाराची कडी काढून ठेवली.