खोदाई अशी फारशी नाही

आबांना आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे कुणीतरी आपल्याला शेंडी लावेल. त्यामुळे ते भाजीवाल्याच्या तराजूकडे, डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे आणि सुनेने ओतलेल्या चहाच्या कपाकडेही सारख्याच संशयाने बघत. त्या सकाळी फाटकातून एक लांबलचक ट्रेलर आत आला आणि त्यावरून दोन छोटे ट्रॅक्टर खाली उतरले, तेव्हा आबांनी चष्मा पुसला आणि हात पाठीमागे बांधले. ट्रॅक्टरवाल्याने अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, पण त्याची लबाडी आबांनी पकडून ठेवलेली होती.

सून घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी पाटी रंगवत बसली होती. ही खोली म्हणजेच कचेरी, आणि घराचा धंदा पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीचा. कुत्री, मांजरं, ससे, पोपट, एकदा तर एक म्हातारं कासव. लोक रडवेले होऊन, टोपलीत नाहीतर खोक्यात आपलं जनावर घेऊन येत. सून त्यांना बसवायची, पाणी द्यायची, नाव विचारायची आणि लाकडी पाटीवर ते पांढऱ्या रंगात लिहायची. खड्डा खणताना मालकाने थांबायचं नाही, अशी इथली रीत होती. "बघून त्रास होतो," आबा म्हणत, आणि रडणाऱ्या माणसाला ते लगेच पटे. लोक जनावर ठेवून घरी जात. दुसऱ्या दिवशी येत तेव्हा हिरवळीवर मातीचा छोटा उंचवटा आणि त्यावर पाटी तयार असे. पण निघताना प्रत्येक जण दारात घुटमळायचाच. "नीट खोल पुरतात ना हो?" सून त्याच्या हातावर हात ठेवून सांगायची, "चांगलं दोन हात खोल. माझा स्वतःचा ढम्या इथेच आहे."

ढम्या तिचा कुत्रा. आडमाप, खादाड, झोपेत माणसासारखा घोरणारा. माहेराहून तिने आणलेल्या सामानात त्याचीच काय ती तिला किंमत होती, आणि या घरात पहिलं वर्षभर तिचं ऐकून घेणाराही तोच एकटा होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला. नवऱ्याने त्याला तिच्या निळ्या चादरीत गुंडाळून नेलं आणि रीत तिलाही लागू केली. "तू नको येऊस. त्रास होईल." दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या मोठ्या झाडाखाली उंचवटा होता. नवरा तिच्या शेजारी उकिडवा बसला, मातीवरून हात फिरवला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांसाठी तिने या घराला बाकीचं सगळं माफ करून टाकलं होतं. तेव्हापासून सकाळचा चहा ती त्या झाडाखालीच बसून घेत असे.

आणि माफ करण्यासारखं पुष्कळ होतं. शेडमागचा वासच घ्या. आवाराच्या टोकाला पत्र्याची शेड होती आणि तिच्या मागे पत्रे टाकून झाकलेला भला मोठा खड्डा. "खताचा आहे," नवरा म्हणायचा. उन्हाळ्यात वारा फिरला की तो वास स्वयंपाकघरात शिरायचा, पडद्यांत बसायचा, केसांत बसायचा. तिने कुरकुर केली की आबांचं उत्तर ठरलेलं. "खताला काय अत्तराचा वास येणार?" मग त्याच खतावर वाढलेले टोमॅटो ते टेबलावर मांडून ठेवत, लालबुंद, एका मुठीत न मावणारे. या टोमॅटोंचा आबांना भारी अभिमान. आल्यागेल्याला पिशवी भरून देत. त्यांच्या हातून फुकट सुटणारी ही एवढी एकच वस्तू होती.

ट्रॅक्टरवाल्यालाही पिशवी मिळाली. तो गुबगुबीत, घामाघूम, बोलघेवडा माणूस. त्याने एक टोमॅटो शर्टाला पुसून तिथेच खाल्ला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"फर्स्टक्लास," तो हात झटकत म्हणाला. "आता बघा काका. हा लहान, हा गवतासाठी. पोटाखाली पाती आहेत, उंची हवी तशी खालीवर होते. टायर रुंद आणि गुळगुळीत, हिरवळीवर ओरखडा उठणार नाही. पाट्यांच्या मधूनसुद्धा सहज वळतो. पण खणायला त्याला सांगू नका. हा दुसरा वजनाने दुप्पट. टायरला खोल खाचा, पुढे माती उचलायची बकेट, मागे खोदायचा हात. गवत हाही कापतो, फक्त ओल्या जमिनीवर चाकांचे माग उठतील. तरी तुमच्या धंद्याला हाच पाहिजे. रोजचे खड्डे म्हटल्यावर कुदळ मारून कंबरेचे पार बारा वाजत असतील."

आबांनी मोठ्या ट्रॅक्टरला एक फेरी घातली. टायरवर लाथ मारून पाहिली. मागचा हात बोटाने ठोकला. नको ते आपल्या गळ्यात मारताहेत अशी त्यांची खात्री पटत चाललेली सुनेला खिडकीतून दिसत होती, आणि तिला मनातून हसूही येत होतं.

"हा मागचा हात म्हणजे नुसती शोभा," आबा म्हणाले. "आम्हाला काय करायचाय?"

"अहो, खड्डे?"

"रोजचं काम गवताचं. लोक येतात ते हिरवळ बघतात. खोदाई अशी फारशी नाही."

"फारशी नाही म्हणजे किती?"

"वर्षातून दोनदा. तेव्हा मोठं मशीन भाड्याने आणतो, एका दिवसात मोकळे. तेवढ्यासाठी हा हत्ती पोसत बसू होय?" आबा रंगात आले होते. घासाघीस करताना त्यांना दुसरं काही दिसत नसे, आजूबाजूला कोण ऐकतंय हे तर मुळीच नाही. "विचारा आमच्या चिरंजीवांना. काय रे, कुदळ हातात धरून किती दिवस झाले तुला?"

"आठवत पण नाही," ट्रेलरपाशी उभा असलेला नवरा हसत म्हणाला. आपण बापाची बाजू भक्कम केली असं त्याला वाटलं.

खिडकीत सुनेचा ब्रश थांबला. हातातल्या पाटीवर एका सशाचं नाव अर्धं लिहून झालं होतं. काल संध्याकाळी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी त्याला बुटांच्या खोक्यात घेऊन आली होती, आणि तिलाही सुनेने दोन हात खोल असंच सांगितलं होतं. या आठवड्यातली ही चौथी पाटी. आधीच्या तिन्हींचे उंचवटे समोर हिरवळीवर दिसत होते. मग ते खणले कुणी?

तिने ब्रश खाली ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर आधी शेडमागचे पत्रे आले, आणि पत्र्यांच्या पाठोपाठ टोमॅटो आले. आज सकाळीच तिने अर्धा खाल्ला होता, मीठ लावून. ती बेसिनपाशी धावली. उलटून पडलं त्याकडे तिला बघवेना. तिने तोंड धुतलं, साबण लावून पुन्हा धुतलं, टॉवेलने जीभ पुसली. चव काही जाईना.

ती बाहेर आली तेव्हा आबा लहान ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसले होते.

"घेऊ नका वाटल्यास, पण मोठ्या ट्रॅक्टरने खोदून तर बघा," ती म्हणाली. "एवढा आणलाच आहे त्यांनी."

"ताई बरोबर बोलल्या," ट्रॅक्टरवाला लगेच म्हणाला. "दाखवायचे काही पैसे पडत नाहीत."

पैसे पडत नाहीत म्हटल्यावर आबांना नाही म्हणवेना. "दाखवा. त्या कुंपणापाशी."

"तिथे नको," सून म्हणाली. "झाडाखाली खणा. तिथली जमीन घट्ट आहे."

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, तिथे ढम्या आहे."

"आहे का?"

आबा सीटवरून उतरले. "सूनबाई, हे काय भलतंच? मेलेलं जनावर उकरून काढायचं? किळस नाही येत तुला?"

"येतेय, आबा. म्हणूनच बघायचंय."

ढम्याची पाटी तिने स्वतः उपसली. ट्रॅक्टरवाल्याने उंचवट्याकडे पाहिलं, मग तिघांकडे पाहिलं. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळत होतं, पण गिऱ्हाईक हातचं जायला नको म्हणून त्याने ट्रॅक्टर झाडाखाली उलटा लावला, त्याचे मागचे दोन्ही लोखंडी पाय जमिनीत रोवले आणि हात खाली सोडला. पहिल्याच ओढीत उंचवटा निघून गेला. खाली जुन्या गवताचा थर होता, दबून काळा पडलेला, पण सलग. कुणी तो कापलेलाही नव्हता. गवतावर हातगाडीभर माती ओतली की झालं. ती काठाशी उभी राहून बघत होती. अशी बघायची इथे कुणालाच परवानगी नव्हती.

हात पुन्हा आत गेला. काळी माती आली, मग पिवळी, चिकट, वड्या पडाव्यात अशी. निळी चादर नाही, हाड नाही, केस नाही.

"बस का ताई? चांगला दोन हात गेलाय," ट्रॅक्टरवाल्याने इंजिन हळू केलं. "आणि हे बघा, वर काळी, खाली पिवळी, मधली रेघ कशी सरळ आहे. एकदा खणलेली माती अशी राहत नाही, कालवली जाते. ही एकदम कोरी जमीन आहे. असल्या जमिनीत मशीनची खरी ताकद कळते."

तो हे कौतुकाने बोलला.

"तू रडला होतास," सून नवऱ्याला म्हणाली.

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं मी ते," नवरा म्हणाला. "मेल्यावर त्याला काय कळतंय, कुठे आहे ते? तुला बसायला एक जागा झाली. दोन वर्षं तू शांत होतीस, खरं की नाही?"

"कुठे आहे तो?"

नवऱ्याने शेडकडे पाहिलं. "सगळ्यांबरोबर."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. उंचवट्यावरून फिरलेला तोच हात. त्या खड्ड्याची किळस तिला आली होतीच, पण ती पोटातली होती, उलटून गेली. या हाताची किळस तशी जाणारी नव्हती. हाच हात रोज रात्री आपल्या पाठीवर असतो, हे आठवून ती दोन पावलं बाजूला सरकली.

"झालं ते झालं," आबा म्हणाले. "लोकांना पाटी हवी असते, त्यांना पाटी मिळते. समाधानाने जातात. कुणाचं काय बिघडलं? उगाच घरातलं बाहेर काढू नका." आणि ट्रॅक्टरवाल्याकडे वळून, "हं, लहानाचं बोला. जास्त ताणू नका."

ट्रॅक्टरवाल्याने शेडकडे पाहिलं, पत्र्यांकडे पाहिलं, शेडला लागून असलेल्या हिरव्यागार वाफ्याकडे पाहिलं. मग सीटखाली ठेवलेली टोमॅटोंची पिशवी हळूच काढून जमिनीवर ठेवली आणि तोंड पुसायला रुमाल शोधू लागला.

सून घरात गेली आणि सशाचं बुटांचं खोकं आणि पाटी घेऊन आली. झाकणावर मुलीने पेन्सिलीने कान काढले होते. ती खड्ड्यात उतरली, खोकं तळाशी ठेवलं, सरळ केलं आणि वर येऊन ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "आता हळूहळू लोटा." त्याने पुढच्या बकेटने एवढी हलकी माती लोटली की खोक्याचं झाकणही हललं नाही. या आवारात खरोखर पुरलं गेलेलं ते पहिलं जनावर होतं. तिने सशाची अर्धी लिहिलेली पाटी तशीच तिथे रोवली.

ढम्याची पाटी उचलून ती शेडमागे गेली. तिथे श्वास घेववत नव्हता. पदर नाकाला लावून तिने पाटी पत्र्यांच्या कडेला रोवली आणि टाचेने दाबून घट्ट केली. परत आली ती हिरवळीवरची दुसरी पाटी उपसायला. मग तिसरी, चौथी. सगळ्यांवर तिचंच अक्षर होतं.

नवरा मागे मागे येत होता. "अगं, काय चालवलंयस हे? लोक येतील, बघतील."

"येऊ देत. आपलं जनावर कुठे आहे ते त्यांना कळायला नको?"

"मग त्यांना सांगशील काय?"

"दोन हात खोल म्हणून सांगितलंय मी त्यांना. ते खरं करायला लागेल."

ट्रॅक्टरवाला ट्रेलरची फळी खाली टाकून उभा होता. आता इथे कुणाला विचारायचं ते त्याला समजेना. "मग काका," तो चाचरत म्हणाला, "कुठला ठेवून जाऊ?"

आबांनी तोंड उघडलं.

"मोठा," सून म्हणाली. तिच्या काखेत तीन पाट्या होत्या आणि ती शेडकडे निघाली होती. "खोदाई बरीच आहे."