मी कामगारांचं मन मोजते

मी एक जुनी प्रश्नावली आहे. जुनी म्हणजे अनेकदा खाडाखोड सोसलेली. कामगाराला आपल्या नोकरीबद्दल काय वाटतं, ते मी मोजते. माझ्या अंगावर विधानं आहेत आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकोन. मित्रांनो, परीक्षेत तुमची उत्तरं तपासतात. माझं उलटं असतं. उत्तरं कामगार देतात आणि तपासली जाते मी.

मला घडवलं प्रियदर्शनीने. ती सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते आणि मानसशास्त्रात पीएच.डी. करते. तिने मला पहिल्यांदा नेलं ते चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात. तिथे बायकांची कामाची पाळी तात्पुरती म्हणून बारा तासांची केली होती. मालक म्हणाले, "बायका खूश दिसल्या तर हीच पाळी कायम करू." सगळा निकाल माझ्यावर! मी फुशारूनच गेले.

'माझं काम मला आवडतं' यापुढे सगळ्याजणींनी 'पूर्ण सहमत'वर खूण केली. 'कामाचा मला कंटाळा येतो' यापुढे 'पूर्ण असहमत'. उत्तरं एकमेकांशी इतकी जुळली, की प्रियदर्शनीच्या सरांनी माझं कौतुक केलं. "मापनी भरवशाची आहे. अहवाल देऊन टाक," ते म्हणाले. मालकांची बैठक दुसऱ्याच दिवशी दुपारी होती.

प्रियदर्शनीला मात्र चैन पडेना. सकाळी ती पाळी सुरू होण्याआधीच कारखान्यात गेली. टॉवेलच्या कडा शिवणारी शिवम्मा मशीनला हात लावून पाया पडली आणि मग खांदा चोळत बसली. तो हात तिला वर नेता येत नव्हता.

"मावशी, एवढं दुखतंय, तरी कंटाळा नाही म्हणालात?"

"कामाला वंगाळ म्हनायचं व्हय? लक्ष्मी हाय ती," शिवम्मा म्हणाली. "खांडेनवमीला हळदकुकू लावतो की हिला."

शेजारच्या बायकांनीही माना डोलावल्या. माझं तोंड उतरलं. तागडीच्या पारड्याखाली खडा चिकटला, तर ती दर वेळी सारखंच वजन दाखवते आणि दर वेळी खोटं. मी तशीच होते. या बायकांची कामावरची श्रद्धा मी मोजली होती आणि तिलाच समाधान समजले होते. त्या चुकीवर आज दुपारी त्यांची पाळी ठरणार होती. मला भयंकर भीती वाटली.

प्रियदर्शनीने तिथेच पेन काढलं. 'काम' खोडून तिने बारा तासांच्या पाळीबद्दल विचारलं. 'बारा तासांनंतर घरी भाकरी थापायचंही बळ उरत नाही' असं एक विधान घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्या झेरॉक्स आणल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी बायकांच्या हातात गेले. तेवढ्यात सुपरवायझर शहाजी दारात येऊन उभे राहिले. सगळ्या पेन्सिली थांबल्या.

"साहेब, जरा बाहेर थांबता?" प्रियदर्शनी म्हणाली. ते कुरकुरत गेले.

"कुनाला दावनार न्हाईस नव्हं?" शिवम्माने हळूच विचारलं.

"नाही दाखवणार, मावशी."

शिवम्माची पेन्सिल भाकरीच्या त्या विधानावर बराच वेळ अडली. मग 'पूर्ण सहमत'च्या चौकोनात तिने इतक्या जोरात खूण केली, की माझा कागद फाटला. मला दुखलं, पण बरंही वाटलं.

कागद गोळा होताच शहाजी आत आले. "बघू द्या, कोन काय म्हनतंय."

"नावं नाहीत त्यावर. तरीही देता येणार नाहीत."

"मग उद्यापासनं तुमाला गेट बंद."

तिचा सगळा अभ्यास या एका कारखान्यावर उभा होता. तरी तिने मला पिशवीत घातलं आणि चेन लावली.

बैठकीत तिने फक्त बेरजा दाखवल्या. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पाळी कायम झाली नाही. बायका पुन्हा आठ तासांवर आल्या. प्रियदर्शनीला मात्र गेट बंद झालं ते झालंच. आता ती मला घेऊन एसटीने बार्शीच्या कारखान्यांत हिंडते आणि सगळं पहिल्यापासून करते.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कुणाला तरी त्याच्या मनातलं विचाराल. त्याला कशाबद्दल वाईट बोलवत नाही, ते आधी जाणून घ्या. आणि तो खूण करत असेल, तेव्हा कृपा करून दुसरीकडे बघा.