पडद्याएवढा माणूस

"शो लागणार नाही, मावशी," खिडकीतला माणूस म्हणाला. "तुम्ही तिघंच आलात. खुर्च्यांना पिक्चर दाखवू का?"

कस्तुराबाई बिडकीनहून एसटीनं शहरातल्या थिएटरला आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. सोबत लेक बिभीषण आणि सून तनुजा. त्या पिक्चरमध्ये त्यांचे धनी होते, मल्हारी. शूटिंगवाल्यांनी आणलेल्या नटाला मेंढरं जुमानेनात, तेव्हा मल्हारींनाच काठी घेऊन उभं केलं होतं. पिक्चर यायच्या आत ते गेले. घरात त्यांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि त्यात ते चोर दिसायचे.

शुक्रवारी पिक्चर लागला. पण वर्ष सरल्याशिवाय करमणुकीला जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्या रविवारच्या वर्षश्राद्धापर्यंत थांबल्या. आज सोमवार.

खिडकीतला माणूस कुरकुरत होता. मराठी पिक्चरला शो देताना मालक आधीच नाक मुरडतो. बिडकीनचे लोक आपल्या माणसाला बघायला येतील या भरवशावर हा ठेवला, आणि एक जण फिरकला नाही. उद्यापासून बंद.

कशाला फिरकतील? वर्षश्राद्धाला जेवायला आलेल्या भावकीला बिभीषणनंच मोबाइल टीव्हीला जोडून अख्खा पिक्चर दाखवला होता. कुठल्याशा ग्रुपवर फुकट आला होता, तो त्यानं गावभर पाठवलाही. बापाचं नाव व्हावं म्हणून. आता या हौसेला काय म्हणावं! कस्तुराबाई तेवढ्या चुलीपुढून उठल्या नव्हत्या. त्यांना धनी मोठ्या पडद्यावर बघायचे होते.

बिभीषणचं तोंड उतरलं. "माय, मोबाइलवर दावू का?"

"गावाला दावलंस की," त्या म्हणाल्या. "माझ्यापुरते तरी धनी ठेवायचे व्हते."

तिघं परतीच्या एसटीत बसली. पुढच्या बाकावर पैठणला निघालेला कुणी अनोळखी माणूस मोबाइल मोठ्यानं लावून बसला होता. चितेगाव मागं पडलं आणि त्या मोबाइलमधून मल्हारींची हाळी आली, मेंढरांना घालायचे तीच. कस्तुराबाईंचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे गेला. धनी रानातून आले की तो असाच जायचा.

त्या माणसाला कंटाळा आला असावा. त्यानं अंगठ्यानं पिक्चर पुढं सरकवला.

हाळी मधेच तुटली. कस्तुराबाई पदर धरून तशाच बसून राहिल्या.