वाढता पाय

"उभी राहा बरं चिलेशे. काठीशिवाय," सिकाझ्वे वकील म्हणाले.

अकरा वर्षांची चिलेशे उभी राहिली. डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड, म्हणून खांदाही त्या बाजूला उतरलेला. वकिलांनी डॉक्टरांचा नवा कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"दुखतो का गं?"

"पाऊस आला की दुखतो. नाचताना नाही दुखत."

वकिलांनी लेखणी खाली ठेवली. शेजारी बसलेल्या म्विलाने, चिलेशेच्या आईने, डोळे मिटले. ती दवाखान्याच्या धुलाईघरातून रात्रपाळी उरकून थेट आली होती. हाताला अजून साबणाच्या पाण्याचा वास होता.

"हे बघा बाई," वकील म्हणाले, "मी खोटं बोलायला सांगत नाही. कधी सांगितलं नाही. पण फेब्रुवारीत तारीख लागलीय. तीन वर्षं पाय वाढतोय, दर वर्षी नवं माप, म्हणून तारीख पुढे जात होती. आता शेवटचं आहे. नाताळात चर्चमध्ये मुली नाचतात. कुणीतरी मोबाईलवर टिपणार आणि बसवाल्यांचा वकील तेच कोर्टात लावणार. एवढं एक वर्ष बसवून ठेवा तिला."

"मागच्या वर्षीही एवढं एक वर्ष म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," त्यांनी कबूल केलं. तेही दमलेले दिसत होते.

घरी जायला दोघी चालतच निघाल्या. अपघात झाल्यापासून चिलेशे गाडीत पाय ठेवत नसे. तीन वर्षांपूर्वी नाताळासाठी मान्साला आजीकडे निघालेली त्यांची बस पुलावरून खाली कोसळली. तिचे वडील मुसोंडा त्यातच गेले. एन्डोलाच्या बाजारातून वाट काढताना म्विला पोरीसाठी हळू चालायची, आणि हळू चालतोय हे दिसू नये म्हणून मधेच एखाद्या टोमॅटोवालीजवळ थांबून भाव विचारायची.

"आई, मी बरी झाले तर आपण केस हरतो?"

"असं नसतं ते."

"मग कसं असतं?"

म्विलाने भाव विचारला. टोमॅटो घेतले नाहीत.

"या वर्षी आपण काहीतरी ठरवू या ना," थोड्या वेळाने चिलेशे म्हणाली. "दर नाताळला करायचं असं. आपलं आपलं. नाहीतर आपण भात-कोंबडी खातो आणि झोपतो."

"मला झोपच हवी असते गं."

"माहितीये. तू झोपलीस की मी भिंतीकडे बघत बसते."

चोवीस तारखेला दुपारी दारात म्विलाची सासू उभी. एका हातात पाय बांधलेला कोंबडा, डोक्यावर चितेंगेच्या रंगीत कापडात बांधलेलं शेंगदाण्यांचं गाठोडं. मुलाला पुरल्यापासून म्हातारीने मान्सा सोडलं नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही? त्या रस्त्याने?"

"दुसरा रस्ता कुठाय? तुम्ही येत नाही, मग मी आले. पुलावर डोळे मिटून घेतले. शेजारची बाई म्हणाली, आजी, झोप लागली का? म्हटलं, हो, लागली." कोंबडा म्विलाच्या हातात देत ती खाली बसली. "आता दर वर्षी मीच येईन. चालेल का सुनेला?"

"सुनेला कोण विचारतं," म्विला म्हणाली. पाणी आणायच्या निमित्ताने ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नाताळाच्या सकाळी चर्च माणसांनी दाटलं होतं. ढोल सुरू झाले, अर्पणाच्या वेळी मुली रांगेने नाचत निघाल्या. चिलेशे आई आणि आजीच्या मधे बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ. फोटो काढायला बसवल्यासारखी. दोन वर्षांत ती असं बसायला शिकली होती, आणि फार चांगलं शिकली होती. म्विलाला ते बघवेना.

"जा," ती म्हणाली.

"वकील..."

"वकिलांना मी सांगेन. जा तू."

चिलेशेने आजीकडे पाहिलं. आजीने तिची काठी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली.

ती रांगेच्या शेवटी जाऊन मिळाली. मोबाईल वर झाले. मोबाईल खाली करा, असं म्विला कुणाला म्हणाली नाही. तिने चितेंगेचा पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. ढोल थांबेपर्यंत ती वर केलीच नाही.

सिकाझ्वे म्हणाले होते तेच फेब्रुवारीत कोर्टात झालं. बसवाल्यांच्या वकिलाने भिंतीवर व्हिडिओ लावला. चर्च, ढोल, मुलींची रांग. "ही ती अपंग मुलगी," तो म्हणाला. "आपणच पाहावं."

म्विला आज पहिल्यांदाच बघत होती. चिलेशे नाचताना प्रत्येक पावलाला डावीकडे झुकत होती, एवढी की आता पडेल असं वाटावं. मग तिच्या पुढच्या मुलीने मागे वळून पाहिलं आणि तीही तशीच झुकली. मग तिच्या पुढची. गाणं संपता संपता सगळी रांग एका तालात डावीकडे झुकत, सावरत पुढे चालली होती. नवख्या माणसाला वाटलं असतं, हा नाच असाच असतो.

बसवाल्यांच्या वकिलाने तो बंद करायला हात पुढे केला.

"पूर्ण होऊ द्या," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

तरीही निकाल लागला तो मागितलेल्या भरपाईच्या निम्म्याचा. पाय वापरता येतो, असं त्यात लिहिलं होतं.

बाहेर व्हरांड्यात सिकाझ्वे फाईल बांधत म्हणाले, "मी सांगितलं होतं बाई."

"हो, सांगितलं होतंत."

"अपील करता येईल. पण आणखी दोन-तीन वर्षं जातील."

"नको."

त्यांनी मान हलवली. गाठ मारून झाली तरी म्विला तिथेच उभी राहिली.

"आणखी काही?"

"तो बसवाल्यांचा वकील," ती म्हणाली, "त्याला विचाराल का? तो व्हिडिओ मला हवाय."