घोड्याची मान, होडीचं धड

बसताई शहरातली बस चालवायची आणि बास गिटार वाजवायची, म्हणून सगळे तिला बसताई म्हणायचे. सकाळी बस, संध्याकाळी एका बँडमध्ये बास. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तिचा दादा मात्र ते आपणच ठेवलं म्हणून छातीठोक सांगायचा. दादाही बास वाजवायचा. त्याचा लाकडी कपाटं बनवायचा कारखाना होता, आणि कारखान्याच्या कोपऱ्यात, भुशापासून लांब, त्याच्या तीन गिटारी भिंतीला टांगलेल्या असायच्या.

तिन्हींच्या डोक्यावर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, पळता घोडा कोरलेला. कारण दादा घोडेवाला होता.

बासवाल्यांच्या त्या जगात दोनच जाती. एका कंपनीची खूण घोडा, दुसरीची शिडाची होडी. गाणं ऐकणारे लोक गाणाऱ्याकडे बघतात, पाय मात्र बासवर हलवतात. आणि तो पाय घोड्यामुळे हलला की होडीमुळे, यावर हे लोक वर्षानुवर्षं भांडत आलेले. घोडेवाले म्हणायचे, होडीचा आवाज पाणचट. होडीवाले म्हणायचे, घोडा खिंकाळतो, त्याला वाजणं म्हणत नाहीत. बसताई कट्टर होडीवाली. तिची गिटार जुनी, गर्द निळी, मूळ रंगातली. त्या रंगाचा टवकासुद्धा उडालेला नव्हता. लोक ती बघायला यायचे. दादा आला की म्हणायचा, "दिसायला छान आहे गं. वाजवत का नाहीस पण?" आणि ती म्हणायची, "तुझ्या घोड्याला चारा घालून आलास का, की उपाशीच आहे बिचारा?"

मग एके दिवशी डेपोत बसच्या इंजिनाचं झाकण निसटलं आणि तिच्या डाव्या मनगटावर आदळलं.

प्लास्टर निघाल्यावर मनगट जुळलेलं होतं, पण पूर्ण वळेना. डॉक्टरांनी हात इकडून तिकडून फिरवून बघितला. "बस चालवाल. काही अडचण नाही," ते म्हणाले. "गिटार मात्र सोडा आता. छंदच आहे ना, दुसरा एखादा धरा."

"कोणता?" तिने विचारलं.

"बागकाम वगैरे."

घरी येऊन तिने निळी गिटार मांडीवर घेतली. बासची मान लांब असते. खालचे सूर वाजवायचे तर डावा हात पार टोकापर्यंत न्यावा लागतो, आणि तिथे मनगट मुडपावं लागतं. तिचा हात निम्म्यापर्यंत गेला, आणि तिथून पुढे मनगटात जी कळ आली तिने डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने पुन्हा नेला. पुन्हा कळ.

तिची लेक दारात उभी राहून बघत होती. लेक समजूतदार, नोकरी करणारी, आईची काळजी करणारी. "आई, आता बास कर," ती म्हणाली.

"बासच करतेय," आई म्हणाली.

"चेष्टा नको. हात कायमचा गेला तर? विकून टाक ना ती गिटार. अजून एकही ओरखडा नाहीये तिच्यावर, घेणारे रांग लावतील."

बसताईने गिटारीकडे बघितलं. एकही ओरखडा नाही, हे खरंच होतं. आणि इतकी वर्षं तिला ज्याचा अभिमान वाटत आला होता, त्याचा त्या क्षणी तिला विलक्षण राग आला. काचेच्या कपाटातल्या बाहुलीसारखी ही जपायची, आणि आपण बागेत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचं?

लांब मानेच्या जागी आखूड मान बसवली तर हात पोचेल, हे तिला ठाऊक होतं. अडचण अशी की होडीच्या कंपनीने आखूड मान कधी बनवलीच नव्हती. बनवली होती ती घोड्याच्या कंपनीने.

ती आधी तारवाल्यांकडे गेली. तारवाले म्हणजे वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचे मालक. बासवाल्यांचा वार्षिक मेळावाही तेच भरवायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"मान बदलली की काम संपत नाही, ताई. मान आखूड झाली की तारा जिथे अडकतात तो ब्रिजही पुढे सरकवावा लागतो. नाहीतर एक सूर खरा लागणार नाही. म्हणजे या धडाला नवीन भोकं पाडायची. या धडाला!" त्यांनी निळ्या रंगावरून बोट फिरवलं, देवाच्या मूर्तीवरून फिरवावं तसं. "मी नाही करणार. माझ्या हातून होणार नाही हे पाप."

"मग मी करते."

"तुम्ही ती वाजवू शकत नाही म्हणून तिचा खून करणार?"

"काका, कपाटात पडून राहिली तर ती जिवंत आहे का?"

तारवाल्यांनी चष्मा लावला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. ती बाहेर पडली तेव्हा तिचे कान तापले होते. जिना उतरता उतरता तिने ठरवून टाकलं.

आता प्रश्न मानेचा. आखूड मान एकाच माणसाकडे होती. दादाची पहिली गिटार, लहानपणी घेतलेली, तिचं धड कधीच दुभंगलं होतं. पण मान त्याने ठेवून दिली होती. त्याच्याकडे जाऊन घोड्याची मान मागायची, याच्यापेक्षा मनगटाची कळ परवडली, असं तिला क्षणभर वाटलं. तरी गेली.

दादा रंधा मारत होता. तिने एका दमात सांगून टाकलं. त्याने रंधा खाली ठेवला, आणि आधी हसला. इतका हसला की शेजारचा कारागीर वळून बघायला लागला.

"म्हणजे तू माझ्याकडे मान मागायला आलीस?"

"मागायला नाही. न्यायला आलेय."

"होडीला घोड्याची मान! लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"माझ्या तोंडात आधी घालतील, तू रांगेत मागे उभा राहा."

तो अजून हसत होता, पण मध्येच त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. ती ते उजव्या हाताने धरून उभी होती. आपण धरलंय हेही तिला कळलं नव्हतं. दादाचं हसू ओसरलं. तो माळ्यावर चढला आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली मान घेऊन खाली आला. "वहिनीला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिला वाटतं माळ्यावरचं सगळं मी कधीच टाकून दिलंय."

सुट्टीच्या दिवशी दोघं कारखान्यात बसली. निळं धड घोंगडीवर आडवं ठेवलं. जुनी मान चार स्क्रूंनी सुटली. नवी मान खाचेत बसवली तर अंगठ्याच्या नखाएवढी फट राहिली. घोड्याची मान होडीच्या खाचेत हलायला लागली. "बघ," दादा म्हणाला, "आमची सडपातळ." त्याने पातळ लाकडी चिप कापून फटीत सारली आणि मान घट्ट बसली.

मग ब्रिज. दादाने ड्रिल उचललं.

"दे इकडे," ती म्हणाली.

"हात थरथरला तर?"

"थरथरू दे. माझी गिटार आहे, माझा हात आहे."

"अगं, मी रोज हेच करतो..."

"दादा, हात लावलास तर बघ."

त्याने ड्रिल तिच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरकला. तिने पेन्सिलीने खूण केली होती, जुन्या जागेपासून दोन बोटं पुढे. टोक निळ्या रंगाला टेकलं. आता इतकी वर्षं जपलेलं सगळं जाणार, हे तिला माहीत होतं. तिने बटण दाबलं. निळ्या रंगाची बारीक पूड उडाली, त्याखालून पिवळसर लाकूड वर आलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं. तिने दुसरं भोक पाडलं. तिसरं. तारांचा आवाज टिपणाऱ्या दोन पिकअपांपैकी मागचा ब्रिजच्या आड येत होता. तोही तिने काढून टाकला.

तारा चढवल्या, सूर लावला. खालचे सूर ठीक. वर गेलं की सगळं बेसूर, दात आंबतील असं. तिने मोजताना चूक केली होती. माप तारेच्या सुरुवातीपासून धरायचं ते थोडं मागून धरलं होतं. दादा ओठ दाबून गप्प उभा राहिला. गप्प राहण्याचं काम त्याने आयुष्यात इतक्या निष्ठेने कधी केलं नव्हतं.

"बोल," ती म्हणाली.

"काही नाही."

"मग पेन्सिल दे."

तिने पुन्हा मोजलं आणि पुन्हा भोकं पाडली. आधीची तशीच राहिली, उघडी. दादा म्हणाला, भोकांत लांबी भरून रंग लावून देतो, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, कळू दे.

या खेपेला सूर खालपासून वरपर्यंत खरा लागला. तिचा हात मानेच्या टोकापर्यंत गेला. मनगट दुखलं, पण तुटल्यासारखं नाही. तिने एक जुनी चाल वाजवली, अगदी सावकाश, आणि कारखान्यातली कपाटाची सुटी दारं भिंतीला टेकल्याटेकल्या थरथरली.

मेळावा एका शाळेच्या बॅडमिंटन हॉलमध्ये भरायचा. डावीकडे घोडेवाले, उजवीकडे होडीवाले. दिवसभर वाजवायचं, एकमेकांच्या खोड्या काढायच्या, आणि ज्या बाजूला टाळ्या कमी पडतील तिने शेवटी सगळ्यांच्या खुर्च्या उचलायच्या. बसताई आत आली आणि तिने पिशवीची चेन उघडली, तसा हॉलमधला गलका उतरत गेला. निळं धड, त्यावर भोकांच्या दोन रांगा, आणि वर पळता घोडा.

"हे काय खेचर आणलंय?" कुणीतरी घोडेवाल्यांतून ओरडलं. हशा झाला. होडीवाल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ मात्र हसले नाहीत. "किती सुंदर होती हो," ते म्हणाले.

तारवाले माईक घेऊन पुढे आले. त्यांनी भोकं बघितली आणि तोंड फिरवलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्हाला कुठल्या बाजूने उभं करू? घोडा की होडी? नियम आहे."

"मला उभं करू नका. मी बसते."

तिने एक खुर्ची ओढली आणि हॉलच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंच्या मधोमध मांडली.

"तिथे कुणी बसत नाही," तारवाले म्हणाले.

"आता बसलंय."

"ताई, हा मेळावा आहे, याला काही शिस्त..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण तिने वायर जोडली आणि वाजवायला सुरुवात केली. परवानगी मागितली नाही, कुणाकडे बघितलं नाही. एकच पिकअप उरलेला, आखूड तारा, त्यामुळे आवाज ना घोड्याचा होता ना होडीचा. गोल, जाड, जमिनीतून येणारा. कोपऱ्यातल्या ड्रमवाल्याने थोडा वेळ मान डोलावली आणि मग काठ्या उचलल्या. एकदा तिचं बोट घसरलं, सूर चुकला. ती थांबली नाही. मनगट पेटलं होतं. तरी ती टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा टोकापर्यंत गेली. घोडेवाल्यांत दादा उठून उभा राहिला होता, आणि त्याचा पाय हलत होता.

ती थांबली तेव्हा आधी टाळ्या कुणी वाजवाव्यात तेच कुणाला कळेना. मग दोन्हीकडून वाजल्या. सगळ्यांनी वाजवल्या नाहीत. ते म्हातारे गृहस्थ हाताची घडी घालून बसून राहिले, आणि तारवाले माईकची वायर गुंडाळत बसले. तिने दोघांनाही मान लववून नमस्कार केला आणि खुर्ची होती तिथेच ठेवली.

परतताना दादाच्या टेम्पोत दोघं बसली. गिटार मागे लाकडी फळ्यांच्या मध्ये घोंगडीत निजलेली.

"आवाज मानेचा होता," दादा म्हणाला. "सगळे तेच म्हणत होते."

"सगळे म्हणजे तू. आवाज धडात असतो."

"मान नसती तर तू धड घेऊन काय केलं असतंस, पोळपाट?"

ती हसली आणि त्या भरात डावा हात खिडकीला लागला. तिने दात आवळले. दादाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "दुखतंय?"

"दुखतंय."

"मग?"

"मग काय? उद्या पहिली पाळी आहे, आणि संध्याकाळी सराव आहे. मला आधी बँडवाल्यांकडे सोड. त्यांनी माझ्या जागी कुणीतरी घेतलाय म्हणे. त्याला सांगते, दुसरीकडे बघ बाबा."

दादाने पुढच्या वळणावर टेम्पो डावीकडे घेतला.