कॉलरचे टेबल

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. मी कामावर जाताना नेहमीप्रमाणे वहिनीला बोलवायला गेले, तेव्हा तिच्या हातून चहाचा कप नुकताच सुटला होता. तुकडे गोळा करायचे सोडून ती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली होती. दादा म्हणाला, राहू दे, मी भरतो. तिने ते डाव्या हाताने उचलले आणि मला म्हणाली, "वन्सं, कामावर कुणापाशी बोलायचं नाही हं."

आम्ही दोघी एकाच लॉन्ड्रीत होतो. हॉटेलांचे, दवाखान्यांचे कपडे यायचे. मी चादरींवर, वहिनी कॉलरच्या टेबलावर. ते टेबल खिडकीपाशी होते. शर्टांच्या कॉलरी आणि कफ तेवढे तिथे यायचे, आणि जिचा हात सगळ्यांत साफ, तिलाच ते मिळायचे. वहिनी तिथे उभी राहू लागली, तेव्हा माझे लग्नही झालेले नव्हते. पण लॉन्ड्रीचा रिवाज असा, की टेबल सोडले की गेले. आजारपण असो, बाळंतपण असो, परत आलेल्या बाईने खालच्या कामापासून सुरुवात करायची. त्यामुळे तिथे कुणाला कधी काही दुखत नसे.

दुखायचे अर्थात सगळ्यांनाच. त्यावर आमचा उपाय एकच, इस्त्रीखालून निघालेल्या टॉवेलची गरम घडी. मान, कंबर, कोपर, जे दुखेल त्यावर ती ठेवायची आणि जरा बरे वाटले की परत इस्त्री धरायची. वहिनीने महिनोन्‌महिने कोपर असेच शेकले. मग तिने इस्त्री डाव्या हातात घेऊन पाहिली. त्या दिवशीच्या कॉलरी आमच्या मुकादमीणबाईंनी तिच्यापुढे परत आणून ठेवल्या.

तेव्हा कुठे ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कोपरात इंजेक्शन दिले आणि काही आठवडे हाताला विश्रांती द्यायला सांगितले. लवकरच दुखणे नाहीसेच झाले. दुखत नाही म्हणजे बरे झाले, असे ती धरून चालली. त्या दिवसांत तिने कामाचा नुसता फडशा पाडला. शेजारणीच्या वाटचे कफसुद्धा ओढून घेतले. घरी गुणगुणत असते, असे दादा सांगायचा. मग इंजेक्शनचा असर उतरला आणि तिला नळही पिळता येईना.

डॉक्टरांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवले. सोबत मी होते. बाईंनी तिला मूठ आवळून मनगट वर उचलायला सांगितले आणि वरून हलकेच दाबले. वहिनीने डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, दुखते कोपरात, पण राबते मनगट. मनगट उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात. दिवसभर मूठ आवळून इस्त्री ढकलली की तिथली दोरी उसवते, आणि रात्रीतून जेवढी सांधली जाते त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी उसवते. इंजेक्शनने दुखणे झाकले, दोरी सांधली नाही. पट्टा बांधायचा तो कोपरावर नाही, दोन बोटे खाली. पिशवी उचलायची ती तळवा वर ठेवून. पाण्याची लहान बाटली मुठीत धरून मनगट रोज सावकाश खाली सोडायचे. थोडे दुखले तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेले नको. आणि इस्त्री तूर्त बंद.

"तूर्त म्हणजे?" वहिनीने विचारले.

"दोन-तीन महिने तरी. मग थोडी थोडी सुरू करू. पूर्ण जायला वर्षही लागेल. पण हे बरं होतं, ताई."

"हात होईल हो बरा. टेबल नाही राहायचं."

बाईंना ते कळले नाही, म्हणून मी रिवाज समजावून सांगितला. वहिनीने पुढे विचारले, असेच रेटले तर? बाई म्हणाल्या, तर पुढे चमचा धरायचीही पंचाईत होईल.

घराच्या दाराशी आल्यावर ती म्हणाली, उद्या मुकादमीणबाईंना सांगते. उद्या दूध जास्त घ्यायचे आहे म्हणावे, तसा आवाज.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगितले. दुखण्याचे टेनिस एल्बो हे नाव ऐकून बायका हसल्या. कुठल्या मैदानावर जाता हो, आम्हालाही न्या की, असे एकीने म्हटले. वहिनीही हसली. मुकादमीणबाई हसल्या नाहीत.

"टेबल तुमच्यासाठी धरून ठेवता येणार नाही मला."

"माहीत आहे."

"दुपारपर्यंत करता का?"

"नाही. आत्ताच सोडते."

तिने इस्त्रीची वायर गुंडाळली, टेबलावरचे कापड ओढून सरळ केले. चादरींवरची एक तरतरीत मुलगी तिथे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, काही सांगायचंय?"

वहिनीने इस्त्री तिच्या हातात दिली. मग म्हणाली, "मूठ सैल धर."

घरी बसून तिने ती बाटली नेमाने खालीवर केली. रडली नाही, चिडली नाही. शेजारच्या खोलीत कुणी झोपले असावे, तशी घरात वावरायची. वर्ष उलटता उलटता हात खरोखरच बरा झाला. भरलेली बादली उचलून तिने मला दाखवली. ती परत कामावर आली, तेव्हा कॉलरच्या टेबलावर त्या मुलीचा हात बसला होता. वहिनीला घड्या घालायच्या कामावर घेतले.

मुकादमीणबाई पुढे लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. व्यायामाच्या बाईंची बदली झाली. मग त्यांचे काही कळले नाही. ती मुलगी मुकादमीण झाली. कोपर दुखते असे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. दादा एका दुपारी झोपेतच गेला. लॉन्ड्रीच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. मी गुडघे धरून घरी बसले आहे. वहिनीला जाऊनही बरीच वर्षे झाली.

लॉन्ड्री बंद पडेपर्यंत ती घड्यांवरच होती. इस्त्री झालेला शर्ट पुढे आला की ती कॉलरच्या टोकावरून अंगठा फिरवायची. कधी तिथे बारीकशी चुणी राहिलेली असायची. ती अंगठ्याखाली जरा दाबून धरायची, आणि शर्टाची घडी घालून पुढचा घ्यायची.