पदरावरची सावली

अस्मिताने कॉम्प्युटरवर भावाला आईच्या शेजारी उभं केलं, पण तो काही गच्चीवर टेकेना. वाढदिवसाच्या फोटोत सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे पडलेल्या, आणि हा पठ्ठ्या त्याच्या कॅनडातल्या फोटोतून कापून आणलेला, बिनसावलीचा.

"मलाही टाक ना त्यात, आईला बरं वाटेल," देवव्रत फोनवर म्हणाला होता. आईच्या पंचाहत्तरीला मुलुंडला यायला याला रजा नाही, आणि म्हणे फोटोत टाक. अस्मिता चिडली होती. पण टाकायचाच तर नीट टाकू, म्हणून हट्टाला पेटली. नुसता काळा रंग न फासता तिने सावलीतून फरशी दिसू दिली. पायाशी गडद, पुढे फिकट. सावली आईपर्यंत पोचली तेव्हा साडीच्या निऱ्यांवरून वळवत पदरावर चढवली. आता कोणाच्या बापाला कळलं नसतं.

संध्याकाळी तिने प्रिंट आईच्या हातात दिली. कुंदाताईंनी फोटो ट्यूबखाली नेला आणि बराच वेळ पाहिला.

"देवू कधी आला गं?"

"अगं, ते मी..."

"थांब. माझ्या पदरावर त्याची सावली पडलीय. म्हणजे होता तो." त्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी विसरण्यावर गोळ्या दिल्यापासून त्या सतत स्वतःला तपासत असत. "केक आठवतो. शेजारच्या विमलाची हिरवी साडी आठवते. देवू नाही आठवत. पोटचा पोरगा, अस्मिता."

अस्मिता खुर्चीशेजारी खाली बसली. आईला बरं वाटावं म्हणून केलं आणि भलतंच होऊन बसलं.

"तो आला नव्हता, आई. मी कॉम्प्युटरवर बसवला त्याला. सावलीपण मीच काढली."

"माझी समजूत घालतेस ना?"

अस्मिताने मोबाइलमधला मूळ फोटो दाखवला. आईच्या शेजारी रिकामी फरशी होती. कुंदाताईंनी दोन्ही फोटो शेजारी धरून पुन्हा पुन्हा पाहिले, मग डोळे पुसले आणि चक्क हसल्या.

तेवढ्यात त्याच मोबाइलवर देवव्रतचा फोन आला. त्यांनीच उचलून हॅलो म्हटलं.

"आई, फोटो आवडला का गं?"

"देवू," कुंदाताई सुटकेने म्हणाल्या, "बरं झालं रे बाबा, तू आला नव्हतास."